बोटीवरची पिण्याच्या पाण्याची जुनी टाकी: साफ कशी करायची आणि साफ कशी ठेवायची

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणजे बोट वर काढलेली, इंजिन खोललेलं, बुडाला रंग चाललेला, जाळी दुरुस्तीला घेतलेली, आणि पाण्याची टाकी मात्र कुणाच्या लक्षातच नसते. ती तशीच अर्धी भरलेली दोन महिने पडून राहते आणि नारळी पौर्णिमेच्या आसपास पहिल्या फेरीला निघताना वरून नवीन पाणी ओतलं जातं. मग दोन-तीन दिवसांनी एखादा खलाशी पोट धरून बसतो, आपण म्हणतो काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, ऐरोलीचा दिवा, आपल्या या नवी मुंबईच्या पट्ट्यात जुन्या बोटी भरपूर आहेत आणि त्यांच्या टाक्या बोटीएवढ्याच जुन्या आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. काम फार तर दोन दिवसांचं आहे आणि खर्च एका जाळ्याच्या दुरुस्तीपेक्षा कमीच.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बाकी सगळं त्यावरच आहे. टाकी आपोआप खराब होत नाही, तिच्यात घाण कुठून तरी शिरते. झाकणातून, हवेच्या नळीतून, भरायच्या पाइपातून, नाहीतर बुडवलेल्या मगातून. ती वाट नाही शोधली तर कितीही घासा, महिन्याभरात परत तेच. म्हणून साफ करताना सोबत शोधायचं पण आहे.

पहिल्यांदा टाकी कशाची आहे ते बघा. फायबरची किंवा प्लॅस्टिकची असेल तर काम सोपं आहे, खाली सांगतो तसं करा. स्टीलची असेल तर क्लोरीन जपून वापरायचं कारण क्लोरीनच्या पाण्यात स्टील जास्त वेळ ठेवलं की वेल्डिंगच्या सांध्याला बारीक बारीक खड्डे पडतात आणि तिथूनच पुढे गळती सुरू होते. ॲल्युमिनियमच्या टाकीला ब्लिचिंग लावूच नका, तो धातू खाल्ला जातो. आणि जुनी लोखंडी टाकी असेल आणि आतून शेंदरी-लाल रंग दिसला तर थांबा, जुन्या काळच्या त्या रंगात शिसं असू शकतं. तो खरवडायचा नाही, त्यावर दुसरा रंग मारायचा नाही, ती टाकी पिण्याच्या पाण्यातून बाद करायची, बस.

आणि निळ्या पिंपांचं पण इथेच बोलून घेतो. ठाणे-बेलापूर रोडची एमआयडीसी जवळ असल्यामुळे भंगारात निळी प्लॅस्टिकची पिंपं सहज आणि स्वस्तात मिळतात आणि बऱ्याच बोटींवर तीच पाण्याला वापरतात. त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्याला पण माहीत नसतं. केमिकल प्लॅस्टिकच्या आत मुरतं, ते साबणाने जात नाही, उन्हात ठेवून जात नाही, वास गेला म्हणजे केमिकल गेलं असं पण नाही. नवीन फूड ग्रेडचं, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी बनवलेलं, पिंप थोडं महाग पडेल पण घ्या. माणसं ते पाणी पिणार आहेत.

आता टाकी रिकामी करा. नळ सोडा, पंप असेल तर पंपाने ओढा, शेवटचं दोन-चार इंच पाणी मगाने आणि स्पंजने काढायचं. ते शेवटचं पाणी लगेच फेकू नका, पांढऱ्या बादलीत काढा आणि उजेडात बघा, कारण टाकीचा सगळा इतिहास त्या गाळात असतो. हिरवट असेल तर टाकीत किंवा नळीत उजेड जातोय, शेवाळ धरलंय. तांबूस गाळ म्हणजे गंज, टाकीचा नाहीतर लोखंडी फिटिंगचा. काळपट, चिकट, सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी खूप दिवस बंद पडून राहिलंय आणि बहुतेक खारं पाणी पण आत जातंय, कारण समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं आणि हवा न लागणाऱ्या जागी जे जंतू वाढतात ते त्याच्यापासून तो वास बनवतात. पाण्यावर रंगीत तवंग असेल तर डिझेल, आणि ते का आलं याचं उत्तर बहुतेक वेळा डेकवरच मिळतं, डिझेल भरायचं झाकण आणि पाणी भरायचं झाकण शेजारी शेजारी आणि दोन्ही सारखीच दिसणारी. पाण्याच्या झाकणाला निळा रंग मारून टाका आणि डिझेलच्या झाकणाला लाल, अंधारात बॅटरीच्या उजेडात पण कळेल असा. डिझेल पडलेली टाकी प्लॅस्टिकची असेल तर ती धुण्यात वेळ घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे, बदला.

खारं पाणी शिरतंय का ते ओळखायला टीडीएस मीटर घ्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, छोटा पेनासारखा येतो, स्वस्त असतो. ज्या नळावरून टाकी भरली त्या नळाचं पाणी आधी मोजा आणि दोन-तीन दिवस समुद्रात फिरून आल्यावर टाकीतलं मोजा. नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी मोरबे धरणाचं पाणी येतं, ते गोडं आहे, आकडा कमीच दाखवतं. समुद्राच्या पाण्याचा टीडीएस लिटरमागे साधारण ३५,००० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, त्यामुळे थोडंसं जरी आत गेलं तरी मीटरवर लगेच फरक कळतो, जिभेला कळायच्या खूप आधी. पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे त्यात टीडीएस ५०० पर्यंत असावा असं आहे, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत. पण आपल्याला बघायचाय तो फरक. नळाला जेवढं तेवढंच टाकीत असलं पाहिजे.

आता आत हात घालायची सोय. खूप जुन्या टाक्यांना नुसतं एक भरायचं भोक आणि एक नळ असतो, आत हातच जात नाही. मग लोक काय करतात, वरून पावडर टाकतात, हलवतात, ओततात आणि झालं म्हणतात. अशा टाकीला वरच्या बाजूला सहा नाहीतर आठ इंची आट्यांचं झाकण बसवून घ्या, बोटीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं, फायबरवाला अर्ध्या तासात भोक पाडून देतो. वरच्याच बाजूला, कडेला नको, कडेचं झाकण आज ना उद्या गळतंच. टाकीत आडव्या पट्ट्या असतील, पाणी हिंदकळू नये म्हणून असतात, तर त्याच्या दोन्ही बाजूला हात जातो का ते बघा, नाहीतर एक बाजू चकचकीत आणि पलीकडे वर्षानुवर्षाचा गाळ तसाच. भोक पाडताना जो भुगा आत पडतो तो सगळा काढायचा, पंपात गेला तर पंप बसलाच.

इथे एक सावधगिरी, ही मनावर घ्याच. मोठी टाकी असेल तर आत डोकं-खांदे घालून वाकायचं नाही. बंद लोखंडी टाकीत गंज चढताना हवेतला ऑक्सिजन खाल्ला जातो, वास येत नाही, काही दिसत नाही आणि माणूस आत वाकला की भोवळ येऊन तिथेच पडतो, मग त्याला काढायला दुसरा जातो आणि तो पण पडतो. झाकण उघडून चांगली हवा खेळू द्या, लांब दांड्याचा ब्रश घ्या, मोबाइल हातात धरून आतला व्हिडिओ काढा आणि बाहेर बसून बघा. बाजूला एक माणूस कायम हवाच.

मग घासणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, क्लोरीनला नाही. आतल्या भिंतीवर बोट फिरवून बघा, दिसायला स्वच्छ असते पण हाताला बोंबलासारखी बुळबुळीत लागते. तो थर म्हणजे जंतूंचं घर आहे, आणि घासल्याशिवाय वरून ब्लिचिंग ओतलं तर क्लोरीन त्या थराच्या वरच्या भागावरच खर्च होतं, खालचे जंतू शाबूत राहतात आणि आठवड्याभरात परत वाढतात. नायलॉनचा ब्रश, गरम पाणी आणि खायचा सोडा एवढं पुरतं. तारेचा ब्रश किंवा तारेची घासणी अजिबात नको, फायबरवर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांतच पुढचा थर बसतो, स्टीलवर गंज धरतो. भांड्यांचा साबण शक्यतो टाळा, फेस जाता जात नाही आणि पुढे महिनाभर चहाला साबणाची चव येते. कोपरे, तळाचा खोलगट भाग, नळाच्या मागची बाजू आणि टाकीचं छत, हो छत पण, कारण वाफ तिथे बसते आणि काळं तिथेच धरतं.

घासणं आणखी एका कारणासाठी हवंच. डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या साध्या पाण्यातच अंडी घालतो आणि ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवतो. टाकी रिकामी करून सुकवली तरी ती अंडी कित्येक महिने जिवंत राहतात आणि परत पाणी भरलं की फुटतात, आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून नुसतं पाणी ओतून टाकलं, आता काळजी नाही, असं नसतं. पाणी जिथपर्यंत असायचं ती रेष ब्रशने दाबून घासा.

झाकण उलटं करून बघायला विसरू नका. आमच्या चुलत्यांच्या बोटीची टाकी वरून एकदम नवीन वाटायची, झाकणाचा रबरी वायसर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटला तर त्याच्या खालच्या खाचेत पूर्ण गोल काळा चिकट थर, त्यात मिठाचे कण आणि दोन माशांचे खवले. म्हणजे डेकवर मासळी निवडली, पाणी मारलं, ते पाणी झाकणाच्या खाचेत साचलं आणि बोट हलली की थेंब थेंब आत. वायसर कडक झाला असेल किंवा चिरा दिसत असतील तर बदला, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. खाच जुन्या टूथब्रशने काढा.

घासून झालं की साध्या पाण्याने दोनदा खळखळून धुवा. बोट पाण्यात असेल तर टाकी पाव भरून खाडीत एक चक्कर मारून या, लाटांनी आतलं पाणी सगळीकडे आपटतं आणि ब्रश न पोचलेल्या जागचं सुटून येतं, मग रिकामी करा.

आता क्लोरीन. हिशोब सोपा आहे, अंदाजाने मूठ टाकायची गरज नाही. टाकी निर्जंतुक करायला लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरायचं. २०० लिटरच्या टाकीला म्हणजे १० ग्रॅम. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतं, म्हणून ३० ग्रॅम पावडर, आणि पावडर जरा जुनी असेल तर ४० ग्रॅम. पाकीट उघडून बरेच दिवस झाले असतील, गोळे झाले असतील, नाकाला झोंबत नसेल तर ती पावडर संपलेली समजा, आपल्या दमट हवेत लवकर मरते. लिक्विड घेतलं तर ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २०० मिली, १० टक्क्यांचं असेल तर १०० मिली. बिनवासाचं, बिनरंगाचं घ्या, फरशीचं सुगंधी नको.

पावडर सरळ टाकीत टाकू नका. बादलीभर पाण्यात कालवा, अर्धा तास तसंच ठेवा, चुना खाली बसतो, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता. हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ करून काम करा. पंपाच्या लाइनला कार्बनचा फिल्टर असेल तर तो आधी काढून ठेवा नाहीतर सगळं क्लोरीन तोच खाऊन टाकेल. मग टाकी काठोकाठ भरा, भरायच्या पाइपाच्या गळ्यापर्यंत, हवेच्या नळीतून पाणी बाहेर येईपर्यंत. नंतर प्रत्येक नळ सोडून क्लोरीनचा वास येतो का बघा, आला की बंद करा, म्हणजे पाइपात पण ते पोचलं. फायबर-प्लॅस्टिकला रात्रभर ठेवा. स्टीलला चार तासांच्या वर नको, लगेच काढून भरपूर धुवा.

आणि क्लोरीनच्या आसपास ॲसिड नको. टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबूसत्व, काहीही त्यात मिसळलं की विषारी वायू तयार होतो, टाकीच्या भोकावर वाकलेल्या माणसाच्या तो सरळ नाकात जातो. क्षाराचे पांढरे थर काढायला लिंबूसत्व किंवा व्हिनेगर चांगलं आहे पण ते वेगळ्या दिवशी, टाकी पूर्ण धुतलेली असताना. व्हिनेगरने जंतू मरतील या भरवशावर मात्र राहू नका, त्याचं काम क्षार काढणं एवढंच.

सकाळी ते क्लोरीनचं पाणी खाडीत सोडू नका. कांदळवनाच्या मुळाशी निवट्या, खेकडे, बोयची पिल्लं असतात, त्यांना थोडं क्लोरीन पण सोसत नाही, आणि त्यावर आपलंच पोट आहे. त्याच पाण्याने बर्फाचा कप्पा, मासळीचे क्रेट, डेक घासून घ्या, घाणीवर क्लोरीन खर्च होतं आणि काम पण होतं. उरलेलं उघड्या पिंपात दोन दिवस उन्हात ठेवलं की जोर जातो. मग टाकी साध्या पाण्याने दोन-तीनदा भरून-सोडून धुवा, वास घरच्या नळाएवढा राहिला की थांबा, आणि नवीन फिल्टर आता बसवा.

पाणी पिण्यासारखं झालं का ते डोळ्याने कळत नाही. गावोगाव पाणी तपासायला वापरतात ती एच टू एस ची बाटली मिळते, खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची, २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर त्यात बहुतेक मैल्याचे जंतू आहेत. काळं झालं तर परत घासण्यापासून सुरुवात, आणि या वेळी टाकीपेक्षा पाइप आणि नळावर जास्त लक्ष द्या, पारदर्शक नळी असेल तर ती काढून काळी किंवा निळी जाड नळी टाका कारण उजेड गेला की शेवाळ आलंच.

आता ती टिकवायची कशी. माझ्या मते सगळ्यात जास्त घाण जेट्टीवरच्या पाइपातून येते. तो पाइप दिवसभर जमिनीवर लोळत असतो, टोक मासळीच्या पाण्यात, वरून कुत्री-मांजरं फिरतात, आणि भरायच्या वेळी तेच टोक सरळ टाकीत. स्वतःचा फूड ग्रेड पाइप ठेवा, वापरून झाल्यावर पाणी काढून दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून केबिनमध्ये टांगा. भरताना नळाचं पाणी आधी मिनिटभर बाहेर जाऊ द्या, टोक धुवा, मग आत घाला. हवेच्या नळीच्या तोंडाला स्टीलची बारीक जाळी लावा आणि तोंड खाली वाकवा, म्हणजे लाट आत मारणार नाही आणि डास जाणार नाही. जाळी मिठाने बुजते, अधूनमधून फुंकर मारून बघा, बुजली तर टाकी भरताना फुगते आणि पंप ओढताना आत चेपते.

टाकीत मग बुडवून पाणी काढायची सवय मात्र बंद करा, त्यासाठी तांडेलानेच, म्हणजे बोटीच्या प्रमुखानेच, नियम लावावा लागतो. जाळी ओढलेला हात मगासकट पाण्यात गेला की रात्रभराच्या कष्टावर पाणी पडलं. नळ लावा किंवा हातपंप.

नळाच्या पाण्यात आलेलं क्लोरीन आपल्या उकाड्यात दोन-चार दिवसांत उडून जातं. तीन-चार दिवसांची फेरी असेल तर सोबत क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण) ठेवा, पाकिटावर लिहिलंय त्या मापाने टाका, अर्धा तास थांबून मग प्या. किनाऱ्यावर आल्यावर उरलेलं पाणी डेक धुवायला काढा, त्यावरच नवीन भरू नका. टाकी दोरीने-पट्ट्याने घट्ट बांधलेली आहे का ते पण बघा, २०० लिटर म्हणजे २०० किलो, ती हलायला लागली की आधी पाइपाचे सांधे सुटतात आणि बिल्जचं, म्हणजे बोटीच्या बुडात साचलेलं, पाणी तिथूनच आत ओढलं जातं.

खाडीतल्या छोट्या होड्यांना टाकी नसते, वीस-पस्तीस लिटरचे कॅन असतात, त्यांनाही हेच लागू. आतून बाटलीच्या ब्रशने घासा, हिशोबाने क्लोरीन, २० लिटरच्या कॅनला ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट २० मिली, झाकण लावून उलटा-सुलटा करा म्हणजे तोंडाच्या आट्यांना पण लागेल, रात्रभर ठेवून धुवा. कॅन उन्हात डेकवर ठेवू नका, ओलं पोतं टाकून सावलीत ठेवा.

मे महिन्याच्या शेवटी बोट वर काढली की त्याच आठवड्यात टाकी पूर्ण रिकामी करा, घासा, फडक्याने तळ कोरडा करा, आणि झाकण घट्ट न लावता त्यावर बारीक जाळीचं कापड ताणून दोरीने बांधा, हवा खेळती राहते आणि डास जात नाही. पावसाळ्यासाठी बोट शाकारतो त्या ताडपत्रीखाली टाकी आली पाहिजे, पावसाचं पाणी आत जाता कामा नये. मग जुलैच्या शेवटी फक्त क्लोरीन आणि धुणं उरतं.

आणि टाकी बाद कधी करायची? स्टीलच्या सांध्यातून दुसऱ्यांदा गळती आली, फायबर आतून सोलून धागे हाताला टोचायला लागले, किंवा नीट घासून-धुवून दोनदा एच टू एस ची बाटली काळी पडली, यातलं काहीही झालं तर नवीन घ्या. आतून साधं रेझिन मारून ठिगळ लावू नका, त्याचा वास आणि अंश पाण्यात उतरतो, पिण्याच्या पाण्यासाठी चालणारं इपॉक्सी वेगळं येतं आणि ते पूर्ण सुकल्यावर गरम पाण्याने दोन-तीनदा धुवावं लागतं. बाहेरून एम-सील लावून एक फेरी निघेल, पण परत आल्यावर टाकी उतरवायचीच.